कंदील जळत होता

कंदील वर आला तेव्हा तो जळत होता. ज्योत सरळ होती आणि काच काळवंडली नव्हती. सुभान तडवीने तो डोळ्यांच्या पातळीला धरून नीट पाहिला, विहिरीच्या काठावर ठेवला आणि म्हणाला, "हवा चांगली हाये. जाय."

झुलाल कोळ्याने विडी दगडावर विझवली आणि उरलेला तुकडा कानामागे खोचला. "मिस्तरी, तुम्ही दर खेपेले कंदील आसा पाहता, जशी पोरगी पाह्याले आले."

"पोरगी फसवते. कंदील फसवत नही."

"माह्या धुरपदानं नही फसवलं मले."

"तुले ती काय फसवनार? फसली तं तीच फसली."

काठावरची माणसे हसली. झुलालही हसला आणि हसत हसतच भिंतीत ठोकलेल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरू लागला.

एकोणीसशे सत्त्याऐंशीचा उन्हाळा होता. यावलच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी अभिमन पाटलाची केळीची बाग होती आणि तिच्या मधोमध ही विहीर. पंप पाणी वर कितीही ढकलू शकतो; खालून ओढताना मात्र त्याला पंचवीसेक फुटांची मर्यादा असते. ही मर्यादा पंपाची नसून वातावरणाच्या दाबाची आहे, त्यामुळे ती कोणत्याही मिस्तरीला ओलांडता येत नाही. पाणी त्याहून खोल गेले की एकच उपाय उरतो: इंजिनच खाली न्यायचे. त्या वर्षी परिसरातल्या अनेक विहिरींत खडकाचा कट्टा कोरून त्यावर रॉकेलवर चालणारी लहान इंजिने बसवली होती आणि त्यांचे धुराचे पाइप काठापर्यंत वर काढले होते. अभिमन पाटलाचे इंजिन सुभाननेच बसवले होते. त्या सकाळी ते पाणी ओढेनासे झाले. ते बंद करून, दिसणारा धूर पूर्ण निघून जाईपर्यंत सगळे थांबले होते. त्यानंतरच कंदील उतरवला गेला होता.

"पाइपाच्या बुडचा फूटव्हॉल्व्ह गाळानं धरला," झुलालचा आवाज खालून आला. पाण्यात तो गुडघाभर बुडालेला दिसत होता. काही वेळ नटावर पान्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मिस्तरी, डोकं जड लागू राह्यलं."

"वर ये."

"येतो. एवढा एक नट काढतो."

"नट राहू दे! आधी वर ये म्हनतो ना!"

झुलालने भिंतीला हात लावला आणि तो खाली बसला. पाण्यात पडणाऱ्या माणसासारखा नव्हे. दिवसभराच्या कामानंतर ओट्यावर बसावे तसा, सावकाश. पाणी त्याच्या छातीपर्यंत आले आणि मग डोक्यावरून गेले.

सुभान दोर न बांधताच उतरला. अर्ध्यावर त्याचे हात कडीवरून सुटू लागले. वरच्या माणसांनी फास टाकून त्याला ओढून काढले, म्हणून तो वाचला. झुलालला पुष्कळ उशिरा, गळ टाकून काढावे लागले. काठावर ठेवलेला कंदील तेव्हाही जळत होता.

*

जळगावच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. प्रेताच्या कातडीवरची गुलाबी छटा त्याने आजवर पुस्तकातच वाचली होती. तपासणी आटोपून तो बाहेर आला. व्हरांड्यात बसलेल्या सुभानला त्याने इंजिन कशावर चालते, ते कुठे बसवले होते, पाइपाचे सांधे कशाने बांधले होते, हे सगळे क्रमाने विचारले. उत्तरे ऐकून मान हलवली.

"एखादा सांधा आतल्या बाजूला ढिला झाला असेल. इंजिनाच्या धुरातला हा विषारी वायू दिसत नाही, त्याला वास नाही. रक्त त्याला प्राणवायूच्या दोनशे पट घट्ट धरून ठेवतं. मग प्राणवायूला जागाच उरत नाही."

"पन कंदील जळत व्हता, डॉक्टरसाहेब. खालपर्यंत सोडला व्हता मी. मंग तो काबरं नही इझला?"

"कंदिलाला रक्त नसतं," डॉक्टर म्हणाला. वाक्य कठोर झाले हे त्याच्या लक्षात आले असावे, कारण पुढचे तो हळू बोलला. "जुन्या, बंद पडलेल्या विहिरींत जो वायू साठतो, त्यानं कंदील विझतो. तुमची पद्धत त्याच्यासाठी बरोबर आहे. हा वेगळा आहे. कंदिलाला ज्योतीपुरता प्राणवायू मिळाला की तो जळत राहतो."

"मंग चूक कोनाची?"

"कोणाचीच नाही. तुम्हाला हे माहीत असण्याचं काही कारणच नव्हतं."

डॉक्टरने हे सांत्वन म्हणून सांगितले होते. शास्त्राच्या दृष्टीने ते अचूकही होते. सुभानचा बाप जुन्या विहिरी उपसण्याचे काम करी आणि कंदील उतरवल्याशिवाय कोणालाही खाली सोडत नसे. एकदा कंदील विझून वर आला म्हणून त्याने मालकाशी भांडून काम सोडले होते. दुसऱ्या दिवशी तिथे पडलेले मांजर मेलेले निघाले. त्या दिवसापासून कंदील हा त्या घराचा शब्द होता आणि तो कधीही खोटा पडला नव्हता. झुलालच्या वेळीही पडला नाही. त्याला जे विचारले गेले, त्याचे त्याने खरे उत्तर दिले. विचारायला हवा होता तो प्रश्न दुसराच होता, आणि तो कोणाला ठाऊक नव्हता.

पण चूक कोणाचीच नसली की ती ठेवायची कुठे, हे डॉक्टरला सांगता आले नाही. त्याचे ते काम नव्हते.

प्रेत गावात आणले तेव्हा धुरपदाबाई दारात बसली होती. रडून तिचा आवाज बसला होता. सुभान समोर येऊन उभा राहिला तशी तिने मान वर केली.

"भाऊ, कंदील सोडला व्हता ना?"

"सोडला व्हता, वयनी."

"जळत व्हता?"

"जळत व्हता."

"मंग त्याचीच वेळ आली व्हती," ती म्हणाली आणि भोवतीच्या बायांकडे वळून पुन्हा म्हणाली, "कंदील जळत व्हता. त्याचीच वेळ आली व्हती."

सुभानने तोंड उघडले. दवाखान्यात ऐकलेले सगळे त्याच्या जिभेवर होते. मग तो माणसांच्या मागे जाऊन उभा राहिला. तिला या क्षणी दैवाचा आधार आहे, तो आपण काढून घेऊ नये, असे त्याला वाटले. आणि हे सांगितले तर 'जाय' हा शब्द आपला होता, हेही सांगावे लागेल, असेही वाटले. दोन्ही कारणे खरी होती. त्यांचे प्रमाण त्याने तपासले नाही.

अभिमन पाटलाने विहिरीवर आसरांना, पाण्यातल्या देवतांना, नारळ फोडला, हिरवा खण वाहिला. पोलिसांनी अपघात अशी नोंद केली. गावापुरते प्रकरण मिटले.

*

तडवी हे मुसलमान भिल्ल, पण त्या मंडळींत नमाजेचा फारसा परिपाठ नव्हता. सुभान स्वतःच म्हणे, आमची नमाज म्हणजे पोळ्याच्या बैलाची आंघोळ, सालातून एकदा. झुलाल गेल्यानंतर मात्र तो पाचही वेळा नमाज पढू लागला. कोणीतरी त्याला सांगितले, हातून नकळत माणूस गेला तर सलग दोन महिने रोजे धरावे लागतात. त्याने धरले, तेही पावसाळ्याच्या उकाड्यात, काम करत. रोजे संपले. मनावरचे काहीच उतरले नाही.

उलट एक नवीनच गोष्ट सुरू झाली. नमाज त्याच्याने पुरी होईना. चार रकातींची, म्हणजे चार फेऱ्यांची, नमाज तो सुरू करी, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या रकातीला पोचला की ही तिसरी की चौथी, हे त्याला आठवेनासे होई. तो तिथेच थांबे, नमाज तोडी, पुन्हा हात उचलून पहिल्यापासून नियत बांधी. पुन्हा तेच. त्याची बायको जैतुनबी स्वयंपाकघराच्या दारातून हे पाही. सुरुवातीला तिने दुर्लक्ष केले. मग एके दिवशी ती म्हणाली, "आवो, मी मोजू का?"

"नमाज बायकोनं मोजायची नस्ते."

"मंग कोनी मोजायची? तुमच्याच्यानं तं होऊ नही राह्यली. भाकरी थंडी झाली तिसऱ्यांदा."

तो विहिरींकडे जाईनासा झाला. घराच्या ओसरीत बसून विजेच्या मोटारी बांधायचे काम घेऊ लागला. त्या कामात कोणाला 'जाय' म्हणावे लागत नसे. कुणी विहिरीचे काम घेऊन आले तर तो मान हलवी. लोक समजून घेत. माणूस हळवा झालाय, म्हणत. आणि ते विहिरीच्या कामाला दुसऱ्या कोणाला तरी बोलावत. पण जाताना सुभानचा कंदील मात्र मागून नेत, कारण तो कंदील खरा आहे, अशी सगळ्यांची खात्री होती. तो कंदील देई. बोलत काही नसे.

गावच्या छोट्या मशिदीत गफूरबाबा नमाज पढवत. ते भुसावळला मालगाडीचे गार्ड होते. निवृत्तीनंतर मुलीच्या गावी येऊन राहिले होते आणि त्यांच्यापेक्षा जास्त शिकलेला कोणी नव्हता, म्हणून पुढे उभे राहत. एके दिवशी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर बाकीचे निघून गेले. सुभान एका कोपऱ्यात सुन्नतची, म्हणजे जादाची, नमाज पढायला उशिरा उभा राहिला होता, तो तिथेच उभा राहून पुन्हा पुन्हा सुरुवात करत होता. गफूरबाबा खांबाला टेकून बराच वेळ पाहत राहिले.

"मिस्तरी," ते शेवटी म्हणाले, "असरनंतर सुन्नत नसते. आणि तुझी ही नमाज आहे का मालगाडी? निघते, थांबते, मागे येते. पुढच्या स्टेशनाला पोचतच नाही."

सुभान बसला. त्याने घाम पुसला. "गिनती राहत नही, बाबा. तिसरी का चौथी, समजत नही. मंग तोडतो."

"एखाद्या वेळेस झालं तर ठीक. रोज होत असेल तर तोडायची नाही. कमी आकडा धरायचा. तीन का चार? तीन धर. मग आणखी एक पढ. शेवटी बसल्यावर उजवीकडे एक सलाम फिरव, कपाळ टेकून दोन सजदे जादा कर, परत बसून अत्तहियातची दुआ वाच, आणि नमाज पुरी कर. सजदा-ए-सहू म्हणतात त्याला. लहानपणी कोणी शिकवलं नाही?"

"आमच्यात कोन शिकवनार?"

"सहू म्हणजे भूल. ध्यानात न येता सुटलेलं."

"आन् अल्ला ते मानतो?"

"अरे, त्यानंच तर सोय ठेवलीय. माणूस चुकणारच नाही असं असतं, तर हे सजदे ठेवले असते कशाला? खुद्द पैगंबरसाहेब एकदा चारच्या जागी दोन रकातींवरच सलाम फिरवून उठले. मागच्या एकानं विचारलं, नमाज कमी झाली का आपण विसरलात? त्यांनी बाकीच्यांना विचारून खात्री केली, राहिलेली पढली आणि दोन सजदे केले. दुसऱ्या एका वेळी म्हणाले, मीही माणूसच आहे, तुम्ही विसरता तसा विसरतो." गफूरबाबांनी टोपी काढून डोके खाजवले. "आणि आपण कोण? भुसावळ डिव्हिजनचे रिटायर गार्ड आणि यावल तालुक्याचे मिस्तरी."

सुभान हसला नाही. "कोनी जानूनबुजून सोडलं तं?"

"त्याला हे सजदे चालत नाहीत. हे फक्त भुलीसाठी."

"आन् फर्ज सुटला तं? मोठंच काही सुटलं तं?"

प्रश्न नमाजेचा राहिला नाही, हे गफूरबाबांना कळले होते. "फर्ज सुटला तर सजद्यांनी भागत नाही. नमाज परत पढावी लागते."

"मानूस परत नही पढता येत, बाबा."

"नाही येत."

बाहेर कोणाची तरी शेळी मशिदीच्या पायरीवर चढून उभी राहिली. गफूरबाबांनी तिला हात हलवून हाकलले. ती गेली नाही.

"मी गार्ड होतो, मिस्तरी. मुफ्ती नव्हतो. तुझ्या झुलालचा हिशोब मला येत नाही, आणि येतो म्हणालो तर खोटं होईल. मला एवढंच माहीत आहे की भुललेला माणूस नमाज टाकून पळत नाही. ती शेवटपर्यंत नेतो. सजदे शेवटी असतात."

*

या बोलण्याने काही बदलले, असे जैतुनबीला दिसले नाही. सुभानने तो नियम पाठ केला. शंका असेल तेव्हा कमी आकडा धरायचा: मोजमापाच्या कोणत्याही शास्त्राला शोभेल असा नियम होता. पण तो वापरायची वेळ आली की त्याचा हात आपोआप नमाज तोडी. दोन सजद्यांवर ही भूल सोडून द्यायची, एवढे स्वस्त असेल तर झुलालचे काय, असे त्याला वाटे. नमाज पुन्हा पुन्हा तोडणे ही त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि ती संपू नये अशी व्यवस्थाही त्यानेच केली होती.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा खोल गेले.

दुपारच्या जुहरच्या नमाजेची वेळ होती. सुभान आतल्या खोलीत जानमाजवर, नमाजेच्या चटईवर, उभा होता. अंगणात चपलांचा आवाज झाला आणि जैतुनबी म्हणाली, "या वयनी, बसा. पानी आनते."

"बसत नही," धुरपदाबाईचा आवाज आला. झुलाल गेल्यापासून तिने या अंगणात पाय ठेवला नव्हता. "भाऊचा कंदील पाह्यजे व्हता. अभिमन आबाच्या विहिरीत इंजिन पुन्हा खाली घेतलं. उद्या सकाळी आमचा भिका व्हॉल्व्ह काढाले उतरू राह्यला. आता तोच जातो ना, भावाच्या जागी. मी म्हटलं, दुसऱ्याचा कंदील नको. सुभानभाऊचा खरा हाये."

सुभान उभा होता. ही तिसरी होती की चौथी, ते त्याच्या डोक्यातून पुसले गेले.

त्याचे हात सुटायला निघाले. नेहमीसारखीच नमाज तोडून तो बाहेर गेला असता, कोनाड्यातला कंदील तिच्या हातात दिला असता, आणि पुन्हा नियत बांधायला आत आला असता. पण त्या क्षणी दोन गोष्टी, गेले वर्षभर एकमेकींत गुंतून बसलेल्या, त्याच्या मनात वेगळ्या झाल्या. त्या दिवशी कंदील पाहून जे म्हटले, ते माहीत नसताना म्हटले. आज तोच कंदील दिला, तर तो माहीत असताना दिला जाईल. पहिल्यासाठी सजदे होते. दुसऱ्यासाठी नव्हते. आणि पहिल्याची शिक्षा भोगत बसल्यामुळेच तो दुसऱ्याच्या दारात येऊन उभा होता.

त्याने तीन धरली. बसला, उठला, आणखी एक पढली. पुन्हा बसला. उजवीकडे मान वळवून सलाम फिरवला. मग कपाळ जानमाजवर टेकले, उचलले, पुन्हा टेकले. दुसऱ्या सजद्यात तो नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला.

तिथे त्याचे कोणी ऐकले का, हे तपासण्याचे साधन उपलब्ध नाही. तपासता येते ते एवढेच: मागच्या उन्हाळ्यानंतर सुभान तडवीची एक नमाज प्रथमच शेवटपर्यंत पोचली, आणि ती चुकलेली होती.

तो बाहेर आला. धुरपदाबाई पदर सावरून ओसरीच्या खांबाशी उभी होती.

"वयनी, कंदील देतो. पन ह्या कंदिलानं ते समजत नही."

"काय समजत नही?"

"इंजिनाच्या धुराचं जहर. जुन्या विहिरीचं समजते. इंजिनाचं नही. कंदील जळत राहतो आन् मानूस मरतो. झुलाल तसाच गेला. त्याची वेळ नव्हती आली. मी जाय म्हटलं म्हनून तो गेला."

जैतुनबी पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थांबली. धुरपदाबाईच्या चेहऱ्यावर काही हलले नाही.

"हे तुमाले कोनी सांगलं?"

"दवाखान्यात. डॉक्टरनं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"मंग माह्या दारात आले तवा?"

"तवा माहीत व्हतं."

"सालभर मी देवाले शिव्या देऊ राह्यली, भाऊ," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भर चौकात देल्या. तुम्ही ऐकल्या आसतील."

"ऐकल्या."

"आन् गप बसले."

"हां. कंदील पाह्यला ती माही भूल व्हती, वयनी. तुमाले नही सांगलं, ती भूल नव्हती."

त्याने माफी मागितली नाही. मागितली असती तर तिला हो किंवा नाही म्हणावे लागले असते, आणि त्या दुपारी तिच्याकडे आणखी काही मागणे योग्य नव्हते. जैतुनबीने पुढे केलेला तांब्या धुरपदाबाईने घेतला नाही. मग कंदील न घेताच ती चालू लागली.

*

त्याच पावली सुभान बागेत गेला. अभिमन पाटील केळीच्या सावलीत खाटेवर बसला होता. भिका, झुलालचा धाकटा भाऊ, दोराला गाठी मारत होता.

"इंजिन बंद करा, आबा. आज रातभर बंदच राहू द्या."

"केळी सुकती मिस्तरी. आन् आता काय भेव? आसरांचं बठ्ठं केलं ना गेल्या साली. नारळ देला, खण देला."

"आसरांले खण पुरते. धुराले नही पुरत."

"तू आता सालभरानं सांगू राह्यला हे?"

"हां," सुभान म्हणाला. "सालभरानं सांगू राह्यलो."

अभिमन पाटलाने त्याच्याकडे पाहिले, तोंडातली सुपारी थुंकली आणि गड्याला इंजिन बंद करायला सांगितले.

सकाळी सुभान विहिरीवर आला तेव्हा त्याच्या एका हातात कंदील होता आणि दुसऱ्या हातात टोपलीखाली झाकलेली जैतुनबीची कोंबडी. भिका म्हणाला, "मिस्तरी, जेवन विहिरीतच का?" कोणी हसले नाही, तसा तो ओशाळला.

त्यांनी लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून विहिरीत खालीवर हलवला. बादल्या भरभरून पाणी वरून ओतले. हवा ढवळली जावी, हा त्यामागचा हेतू. मग सुभानने कंदील पेटवून खाली सोडला. तो सोडायचे कारण होते: दोन प्रकारची विषे असतात, आणि त्यांपैकी एकाचे त्याला अजूनही कळत होते. कंदील जळत वर आला. त्याने तो काठावर ठेवला.

नंतर त्याने कोंबडी टोपलीत बांधून सोडली. कोंबडी हे काही अचूक उपकरण नव्हे. पण तिला रक्त असते. टोपली तळाशी टेकल्यावर सुभान दोर धरून उकिडवा बसला आणि भिकाने दोनदा विडी विझवली तरी उठला नाही. टोपली वर ओढली तेव्हा कोंबडी आधी गप्प होती. मग तिने मान झटकली आणि अभिमन पाटलाच्या धोतरावर घाण केली.

"चांगली हाये का हवा?" भिकाने विचारले. तो शर्ट काढू लागला होता.

सुभानने दोर स्वतःच्या छातीभोवती बांधला, गाठ ओढून पाहिली आणि दुसरे टोक भिकाच्या हातात दिले. "मी बोलत राहीन. बोलनं थांबलं की वढ. इचारू नको, वढ."

तो उतरला. पन्नाशीच्या माणसाला कड्या लांब पडत होत्या. खालून त्याचा आवाज येत राहिला: कट्ट्याशी आलो, पाइपाचा सांधा पाहतो, ढिला हाये, पाण्यात उतरलो. बोलायचे संपले तेव्हा तो आकडे म्हणू लागला, आणि आकडे चुकले तेव्हा मागे येऊन पुन्हा तिथून पुढे म्हणत गेला. भिकाने दोर ताणून धरला होता.

धुरपदाबाई कधी आली ते कोणी पाहिले नाही. ती केळीच्या रांगेच्या कडेला, विहिरीपासून दूर, पाठ करून उभी होती.

सुभान वर आला. तो ओलाचिंब होता. त्याने दोर सोडवून भिकाच्या छातीला बांधला, गाठ पुन्हा तपासली. तरीही 'जाय' हा शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. त्याने भिकाच्या पाठीवर नुसता हात ठेवला. भिका उतरला.

धुरपदाबाई काठाजवळ आली. वर्षभरात तिने ही विहीर आतून पाहिली नव्हती. तिने आताही पाहिली नाही; ती सुभानकडे पाहत होती.

"खाली गार हाये का?"

सुभानने दोरावरची नजर काढली नाही. "हां, वयनी. गार हाये."

"आंधार?"

"नही. वरून उजेड येते. वर पाह्यलं तं आभाय दिसते."

तिने मान हलवली. खालून भिका ओरडून सांगत होता की फूटव्हॉल्व्ह सुटला. ती खाली वाकली आणि काठावरचा कंदील उचलून म्हणाली, "हा मी नेते. घरात उजेडाले काही नही."

"न्या."

ती केळीच्या रांगांमधून चालत गेली. कंदील विझवायचे कोणाला सुचले नव्हते. तो जळत होता, पण ऊन इतके होते की ज्योत दिसत नव्हती.